ऑनलाईन ताई-दादा व्हायचंय? पहिल्या वर्षात काय काय करायचं ते सांगते

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला पाच-सहा जणांचे तरी मेसेज येतात, कुणी हिंजवडीत आयटीत असतं, कुणी बँकेतून रिटायर झालेले काका, कुणाची स्वतःची मुलं आता मोठी झालेली असतात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की आम्हाला पण मुलांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पाचवी ते नववीच्या मुलांच्या एका ऑनलाईन ग्रुपमध्ये मेंटॉर म्हणून आले आणि मग ते सुटलंच नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी थोडं गणित, थोडं विज्ञान, थोडं स्क्रॅच (स्क्रीनवर ब्लॉक जोडून प्रोग्रॅमिंग शिकायचं मुलांचं माध्यम) असं चालतं. प्रत्येकाला फोनवर जे सांगते ते एकदाच लिहून ठेवतेय. यातलं बरंच मी चुकून शिकलेय आणि त्या चुकांचा त्रास मला कमी आणि मुलांना जास्त झालाय, म्हणून जरा कळकळीने सांगतेय.

१. आधी स्वतःचा वार पक्का करा

आठवड्यातून एक तास द्या पण वार तोच, वेळ तीच, आणि जून ते एप्रिल असं शाळेचं एक पूर्ण वर्ष. दोन महिने खूप जोरात येऊन मग गायब होणाऱ्यांपेक्षा अजिबात न आलेले बरे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मुलं विचारत राहतात की दादा आमच्यामुळे गेला का. ऑफिसच्या रिलीजमुळे तुमचं काहीच ठरत नसेल तर सेशन घेऊ नका, व्हिडिओला मराठी आवाज देणं, सराव-कागद तयार करणं, मुलांची हजेरी बघणं ही कामं पण लागतातच आणि ती करणारं माणूस कधीच पुरेसं नसतं.

वेळ ठरवताना तुमची सोय दुसरी, आधी घरातल्या फोनची सोय. आमच्याकडची बरीचशी मुलं अप्पर इंदिरानगर, जनता वसाहत, वारजे या भागातली आहेत आणि फोन घरात एकच, तो बाबांबरोबर रिक्षावर नाहीतर साइटवर जातो आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत येत नाही. त्यामुळे दुपारी चारचं सेशन कागदावर छान दिसतं पण येतं कुणीच नाही. आठ ते पावणेनऊ आमच्याकडे बसलंय. दुसरं म्हणजे दिवसाचा दीड जीबीचा पॅक संध्याकाळपर्यंत संपत आलेला असतो, म्हणून मुलांना कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका, आवाज पुरतो, आणि कॅमेरा बंद असण्याची कारणं घरात दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असणं ही पण असतात. गुरुवार शक्यतो टाळा, महावितरणची दुरुस्तीची कामं पुण्यात त्याच दिवशी निघतात, कधी पाणीही त्याच दिवशी बंद असतं, सगळं घर भांडी भरण्यात. गणपतीच्या दहा दिवसांत आणि पालख्या मुक्कामाला असताना सरळ सुट्टी द्या. घरात कुणी दहावीला असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन त्या भावंडाकडे जाणार हे आधीच धरून चाला.

२. ग्रुप निवडताना तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते बघा

चांगल्या ग्रुपमध्ये तुम्हाला लगेच मुलांसमोर बसवत नाहीत. ओळखपत्र मागतात, तुम्हाला ओळखणाऱ्या दोघांशी फोनवर बोलतात, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगतात (त्याचा अर्ज ऑनलाईन करता येतो, थोडे दिवस लागतात, तेवढं थांबा), आणि एक-दोन वेळा ट्रेनिंगला बसवतात. यात अपमान वाटून घेऊ नका. मी सुरुवातीला एका ठिकाणी फॉर्म भरला तर त्याच संध्याकाळी चाळीस मुलांची नावं, शाळा आणि आयांचे फोन नंबर असलेली एक्सेल शीट माझ्या व्हॉट्सॲपवर आली, मला कुणी पाहिलेलं पण नव्हतं. मी दोन दिवसांत तिथून बाहेर पडले. जिथे तुम्हाला इतक्या सहज आत घेतात तिथे कुणालाही घेतात.

३. मुलांशी जे काही बोलायचं ते उघड्यावर

हा भाग दोनदा वाचा. कुठल्याही मुलाशी एकट्याने कॉल नाही, एकट्याने चॅट नाही, इन्स्टावर फॉलो नाही, रात्री "झोपलास का" नाही. सेशनमध्ये कायम दोन मोठी माणसं हवीत, दुसरं कुणी आलं नाही तर सेशन रद्द, मुलं हिरमुसली तरी रद्द. मूल तुम्हाला वेगळा मेसेज करेलच, प्रेमाने करेल, "ताई माझं चित्र बघा ना" म्हणून, तेव्हा "किती छान, ग्रुपवर टाक ना म्हणजे सगळे बघतील" एवढंच म्हणायचं आणि कोऑर्डिनेटरला सांगायचं की असा मेसेज आला होता.

स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यात आजही मुलांना एकमेकांना खासगी मेसेज पाठवायची सोय दिलेली नाही, जे काही लिहायचं ते प्रोजेक्टच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं. हे मला फार आवडतं, आपला ग्रुप पण तसाच चालवायचा. व्हॉट्सॲपचं मात्र उलटं आहे, साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, म्हणजे सातवीतल्या मुलीच्या आईचा नंबर साठ अनोळखी घरांत पोचतो. आम्ही म्हणून पालकांना कोऑर्डिनेटरच्या नंबरवरून वेगवेगळे मेसेज पाठवतो, काम वाढतं पण चालतं.

फोटो, स्क्रीनशॉट, व्हिडिओ आपल्या स्टेटसला लावायचे नाहीत. मुलाने बनवलेला गेम दाखवायचा असेल तर गेम दाखवा, चेहरा, नाव, शाळेचा युनिफॉर्म नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि मुलांची माहिती वापरायच्या आधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय, तेव्हा ग्रुपकडे पालकांच्या सह्या आहेत का हे पहिल्याच दिवशी विचारा.

आणि कधीतरी एखादं मूल असं काही सांगेल की तुमच्या पोटात खड्डा पडेल. घरी मारतात, कुणी नको तिथे हात लावतं. तेव्हा घाबरलेला चेहरा करू नका, खोदून खोदून विचारू नका, "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका कारण ते पाळता येणार नाही. "बरं केलंस सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही, आता मी तुला मदत करू शकणाऱ्या माणसांशी बोलणार आहे" एवढं म्हणा. मग मुलाचेच शब्द, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला कळवा. १०९८ ही चाइल्डलाइन फुकट आहे, चोवीस तास चालू असते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं हे प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुम्ही मेंटॉर आहात का शेजारी याने फरक पडत नाही, आणि कळवायच्या आधी घरच्यांना विचारून बघू असं करायचं नाही, त्रास देणारं माणूस घरातलंच असू शकतं.

४. पहिली चार सेशन नुसते बसा

माईक बंद. कोण कुणाशी बोलतं, कोण कायम शेवटी येतं, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी आणि लहान भावाचं रडणं चालू असतं ते बघा. नावं वहीत लिहा आणि ती नीट उच्चारा. मुलं तुम्हाला सर-मॅडम म्हणतील, त्यांना सांगा ताई म्हण, दादा म्हण, काका म्हण, एवढ्याने सुद्धा आवाज मोकळा होतो. पालकांशी मात्र कायम अहो-जाहो, तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असल्या तरी.

५. मुलाची मराठी दुरुस्त करू नका

पुण्यातल्या आपल्या माणसांना हे सगळ्यात जड जातं म्हणून सविस्तर लिहिते. सहावीतला एक मुलगा पाणी उकळल्यावर काय होतं ते सांगत होता, "ताई पानी तापलं की त्याची वाफ व्हती आन् ती वर जाती". मी मध्येच म्हटलं, पानी नाही, पाणी. तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ण वर जोर देऊन, आणि त्यात पुढचं वाक्य हरवून बसला. त्यानंतर तीन सेशन तो एक शब्द बोलला नाही, फक्त चॅटमध्ये अंगठा टाकायचा. वाफेबद्दल त्याने जे सांगितलं होतं ते शंभर टक्के बरोबर होतं आणि मी त्यालाच चूक ठरवलं. त्याच्या आईची, आजीची बोली ती, त्यात चूक काय होती? चौथ्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं की त्या दिवशी तुझं बरोबर होतं आणि मी उगाच अडवलं, तेव्हा कुठे तो परत बोलायला लागला. लिहिताना शाळेची मराठी शिकवा, जरूर शिकवा, त्यासाठी वेगळा वेळ काढा. पण मूल विचार करत असताना त्याच्या ण-न ला हात लावायचा नाही.

दुसरी भानगड सेमीची. आपल्याकडे सेमी-इंग्लिशमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत, त्यामुळे एकाच सेशनमध्ये एका मुलाला अंश आणि छेद कळतं तर शेजारच्याला न्यूमरेटर-डिनॉमिनेटर, एकाला लसावि-मसावि तर दुसऱ्याला एलसीएम-एचसीएफ. आणि तुम्ही स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकला असाल तर समांतरभुज चौकोन म्हटल्यावर तुम्हीच गडबडाल. उपाय सोपा आहे. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, दोन्ही माध्यमांतली, आदल्या दिवशी तो धडा दोन्हीत उघडून शब्द वहीत समोरासमोर लिहून घ्या, पंधरा मिनिटं लागतात. संख्यांचं पण असंच, २०१९ला दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला वीस सात असं वाचायची पद्धत आली आणि त्यावरून महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते आठवत असेल. तुमचं मत काहीही असू दे, मूल ज्या पद्धतीने मोजतं तिथून सुरुवात करा. आणि हातच्याला हातचाच म्हणा, मुलांना तो शब्द घरून येतो.

६. उत्तर तोंडात आलं तरी थांबा

नवीन मेंटॉर इथे सगळ्यात जास्त चुकतात, मी पण चुकले. मुलाचं अडलं की आपण स्क्रीन शेअर करतो, भराभर सोडवून दाखवतो, "कळलं ना?" विचारतो, मूल "हो ताई" म्हणतं आणि आपण खूश. पुढच्या आठवड्यात तेच गणित दिलं की पाटी कोरी. ते हो ताई हे कळल्याचं नसतं, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं या संकोचाचं असतं. "कळलं का" हा प्रश्नच सोडून द्या, त्याऐवजी "मला करून दाखव" म्हणा.

मेरी बड रोव नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतले आवाज रेकॉर्ड करून बघितलं तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबत होते, आणि तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायची, जास्त मुलं बोलायची, स्वतःहून प्रश्न विचारायची. ऑनलाईनमध्ये तर नेट अडकतं, माईक चालू करायला वेळ जातो, म्हणून मी मनात दहापर्यंत मोजते. सुरुवातीला ती शांतता खायला उठते पण सवय होते.

एक उदाहरण देते. पाचवीतली मुलगी, अर्धा अधिक पाव, तिने वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं आणि २/६ लिहिलं. पूर्वीची मी असते तर लगेच छेद समान करायला शिकवलं असतं. मी म्हटलं भाकरी काढ, अर्धी रंगव, आता अजून पाव रंगव. मग २/६ पण काढ, सहा तुकडे करून दोन रंगव. ती बराच वेळ गप्प आणि मग एकदम म्हणाली, "ताई, अर्ध्या भाकरीत अजून पाव घातली आणि अर्धीपेक्षा कमी कशी झाली?" पुढची वीस मिनिटं तिने आणि अजून दोघांनी भांडत भांडत भाकरीचे सारखे तुकडे करायचं स्वतः काढलं. समच्छेद हा शब्द मी शेवटी फक्त सांगितला, नाव म्हणून.

स्क्रॅचमध्ये तर हात फारच शिवशिवतात. एकाने गेम केला होता, रिक्षा स्वारगेटवरून पॅसेंजर गोळा करते, पॅसेंजरला टेकली की एक मार्क, पण एका पॅसेंजरला तीस-चाळीस मार्क पडत होते. कारण काय तर कायम फिरणारा लूप रिक्षा टेकलेली असेपर्यंत परत परत मोजत राहतो. मला लगेच दिसलं होतं. मी एवढंच विचारलं की रिक्षा पॅसेंजरला किती वेळ टेकून उभी आहे. त्याने दोन दिवस घेतले, आणि पॅसेंजर टेकल्या टेकल्या दुसऱ्या स्टॉपवर उडी मारेल असं केलं, जे माझ्या डोक्यातल्या उत्तरापेक्षा चांगलं होतं. तुमच्या मीटिंगच्या ॲपमध्ये दुसऱ्याची स्क्रीन आपल्या हातात घ्यायची सोय असेल तर ती सेटिंगमधून बंदच करून टाका.

शिक्षणावर संशोधन करणाऱ्या सुगाता मित्रांनी २००९च्या सुमारास इंग्लंडमधल्या आज्यांना स्काइपवरून भारतातल्या मुलांशी जोडून दिलं होतं, त्याला ग्रॅनी क्लाउड म्हणतात, नंतर आपल्या फलटणला पण त्यांची एक लॅब होती. त्यांच्या सगळ्या दाव्यांशी मी सहमत नाही, मुलं आपली आपण सगळं शिकतात असं मला मुळीच दिसलेलं नाही. पण त्या आज्यांचं काम मला पटतं, मागे उभं राहून "अरे वा, हे कसं केलंस?" एवढं विचारत राहायचं. आपल्या आज्या हे कायम करतात. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही घेऊन या, गणित यायची गरज नाही. अर्थात पडताळणी त्यांची पण करायची.

७. महिन्यातून एकदा तरी स्क्रीन सोडा

फोनच्या छोट्या स्क्रीनवर ब्लॉक ओढून ओढून मुलांचे डोळे आणि डोकं दोन्ही दुखतं. अरविंद गुप्तांची खेळणी मदतीला घ्या, ते पुण्यातच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं होते आणि त्यांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायचे व्हिडिओ मराठीतही आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब एवढ्यात त्रिकोण, चौकोन, घन सगळं होतं, आणि चौकोन दाबला की वाकडा होतो पण त्रिकोण हलत नाही हे मूल हाताने शिकतं. (काड्यांचा गुल आधी काढून टाकायला सांगा.) एलईडी, छोटी मोटर वगैरे हवं असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत स्वस्त मिळतं, ग्रुपतर्फे एकदम आणून वाटा, पालकांना खर्च सांगू नका. फक्त बटण सेल देऊ नका, घरात लहान भावंडं असतात आणि तो सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, पेन्सिल सेल द्या.

८. मूल यायचं बंद झालं तर

पहिला विचार मनात येतो की कंटाळलं. तसं क्वचितच असतं. आमची आठवीतली एक मुलगी तीन आठवडे आली नाही, मी मनातून तिला सोडून पण दिलं होतं. कोऑर्डिनेटरने फोन केला तर फोनची स्क्रीन फुटली होती आणि दुरुस्तीला पुढच्या पगारापर्यंत थांबायचं होतं. मुलगी रोज शेजाऱ्यांकडे फोन मागत होती. आता आमचा नियम आहे, दोन सेशन चुकली की घरी फोन. आणि फोनवर "का आली नाही" असं सुरू करायचं नाही, "ताई, नमस्कार, सगळं ठीक ना घरी? तिची आठवण काढत होतो सगळे" असं. आईला वाटतं मुलीची तक्रारच आली, मग सगळा राग तिच्यावर निघतो. म्हणून अधूनमधून काहीच बिघडलेलं नसताना पण फोन करावा, कौतुकाचा.

९. वही ठेवा, आणि जायचं असेल तर सांगून जा

प्रत्येक सेशननंतर पाच मिनिटं. कोण आलं, कोण कुठे अडलं, कुणाला काय आवडलं, पुढच्या वेळी कुणाला पहिलं बोलू द्यायचं. शाळेचे मार्क, घरातल्या अडचणी, जात, उत्पन्न असलं काही यात लिहू नका.

बदली होते, बाळ होतं, आईवडील आजारी पडतात, मेंटॉरला सोडावं लागतं, त्यात वाईट काही नाही. पण निदान चार आठवडे आधी मुलांना स्वतः सांगा, खरं कारण त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा, आणि नवीन ताई किंवा दादाबरोबर दोन सेशन एकत्र बसा. "अधूनमधून येत जाईन" असं म्हणू नका, मुलं त्या वाक्यावर महिनोन्महिने वाट बघतात. शेवटच्या दिवशी वही नवीन माणसाच्या हातात द्या आणि स्वतःच्या फोनमधले ग्रुपचे फोटो, नंबर, रेकॉर्डिंग कोऑर्डिनेटरसमोर डिलीट करा.